किशोर कबड्डी संघाचा कर्णधार: पोरगं तयार आहे का, हे कसं ओळखायचं

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच मैदानावर प्रश्न येतो, "सर, यंदा कॅप्टन कोण?" बहुतेक ठिकाणी उत्तर पाच मिनिटांत मिळतं. ज्याचे चढाईत सगळ्यांत जास्त गुण, त्याचं नाव. तालुक्याच्या सामन्यात तो पोरगा पहिल्या पाच मिनिटांत बाद होऊन रेषेबाहेर बसतो, आत उरलेल्या सहा जणांत कुणी बोलायला नसतं आणि संघावर लोण बसतो, म्हणजे सगळेच बाद होतात आणि समोरच्यांना दोन गुण जादा जातात. मग खापर पोरावर फुटतं. चूक निवडणाऱ्याची असते, आणि ती सहसा एकच: आधी नाव जाहीर केलं, पारख नंतर.

हा लेख १२ ते १६ वयाच्या मुलामुलींच्या संघांसाठी आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. क्रम उलटला की पुढची पायरी निरुपयोगी होते.

सुरुवात करण्याआधी

पहिल्या सामन्याच्या किमान सहा आठवडे आधी सुरुवात करा. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात आणि तालुक्याचे सामने बहुधा पावसाळ्यातच येऊन ठेपतात. म्हणजे जूनच्या शेवटी कामाला लागायला हवं.

लागणाऱ्या गोष्टी दोनच. एक साधी वही, आणि एक दुसरा माणूस, ज्याला खेळ कळतो पण संघात ज्याचं नातंगोतं नाही. शेजारच्या शाळेतले खेळाचे सर चालतील, गावातला जुना खेळाडू चालेल. आपल्याला एखादं पोरगं आवडतं हे आपल्यालाच कळत नसतं, त्यासाठी हा दुसरा माणूस.

इशारा: या सहा आठवड्यांत "कॅप्टन" हा शब्द मैदानावर उच्चारू नका. पोरांना सुगावा लागला की सगळे शहाण्यासारखे वागायला लागतात आणि तुमची वही खोट्या नोंदींनी भरते.

टप्पा १: कर्णधाराने काय करायचं, ते आधी लिहून काढा

हे कुणी करत नाही. कबड्डीच्या कर्णधाराचं काम इतर खेळांपेक्षा वेगळं आहे, कारण इथे कर्णधार स्वतः बाद होऊन बाहेर बसतो, कधी चार मिनिटं, कधी सहा. किशोर गटात डाव १५ मिनिटांचा. त्यातली सहा मिनिटं संघाला आवाजच नसेल, तर कर्णधार असून नसल्यासारखाच.

तुमच्या संघापुरती कामं लिहा. माझ्या वहीत ही आहेत:

नाणेफेक जिंकली तर चढाई घ्यायची की बाजू. दुपारी चारनंतरचा सामना असेल आणि मैदान पूर्व-पश्चिम आखलेलं असेल, तर उन्हाकडे तोंड कोणत्या डावात यावं, हा विचार कर्णधाराचा.

पुढची चढाई कोण करणार. हे आधीची चढाई संपायच्या आत ठरलेलं असावं. चढाईला ३० सेकंदच मिळतात. "तू जा, तू जा" करण्यात त्यातले सात-आठ जातात.

समोर बचावाला किती आहेत याची मोजणी. सहा किंवा सात असले तरच बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळतो. आपल्याकडे तीन किंवा त्यांहून कमी उरले तर पकडीला एक गुण जास्त, म्हणजे अव्वल पकड. हा हिशोब सतत डोक्यात चालू पाहिजे.

पंचांशी बोलणं. बोलायचं ते एकट्याने आणि अदबीने. पिवळं कार्ड मिळालं की खेळाडू दोन मिनिटं बाहेर जातो. १५ मिनिटांच्या डावात सहा जणांनी दोन मिनिटं काढणं फार महाग पडतं.

वेळ कधी मागायची. एका डावात प्रत्येक संघाला ३० सेकंदांचे दोनच थांबे मिळतात.

आणि शेवटचं, सगळ्यांत अवघड. एक किंवा दोनच गडी उरले असताना त्यांना बाद जाहीर करून पूर्ण संघ आत आणायचा का? हा हक्क नियमाने कर्णधाराला आहे. याबद्दल चौथ्या टप्प्यात.

टप्पा २: एक नाव नको, चार नावं काढा

दुसऱ्या माणसाला वेगळी चार नावं काढायला सांगा आणि मग दोन्ही याद्या समोरासमोर ठेवा. दोन्हींत असलेली नावं आधी घ्या, पण एकाच यादीतलं नाव लगेच खोडू नका. "याला का घेतलंस?" असं विचारा. बऱ्याचदा तिथेच काहीतरी सापडतं.

नावं काढताना होणाऱ्या चुकांवर जरा थांबू या, कारण नुकसान इथूनच सुरू होतं.

पहिली चूक, सर्वांत चांगला रेडर, म्हणजे चढाई करणारा. तो सर्वांत जास्त वेळा आत जातो म्हणून सर्वांत जास्त वेळा बादही होतो. शिवाय चढाईहून परतल्यावर त्याला धाप लागलेली असते, त्याच वेळी संघाला त्याच्याकडून साखळी, म्हणजे बचावातल्यांची हात धरून केलेली रांग, लावून घ्यायची असते. कोपऱ्यातला किंवा मधला बचावपटू बहुधा जास्त वेळ आत राहतो आणि त्याला पूर्ण मैदान दिसतं. रेडर कधीच कर्णधार नसावा असं माझं म्हणणं नाही. २०१६ च्या अहमदाबादच्या विश्वचषकात अनुप कुमार हा रेडरच भारताचा कर्णधार होता. इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला भारत १३-१८ असा मागे होता, तो ३८-२९ असा जिंकला. त्या दिवशी चढाईत संघाला तारलं ते अजय ठाकूरने. कर्णधाराला स्वतः गुण घेण्याची घाई नव्हती, आणि किशोर वयात नेमकं हेच दुर्मिळ असतं.

दुसरी चूक, अंगाने थोराड पोरगं. चौदाव्या वर्षी कुणाला मिसरूड फुटलेली असते, कुणी अजून लहान दिसतो. उंचीवरून समज ठरवू नका. किशोर गटाला वयासोबत वजनाचीही अट असते, हेही विसरू नका. जूनमध्ये अटीच्या जेमतेम आत असलेलं पोरगं चार महिन्यांत बाहेर जाऊ शकतं. अशा पोराला कर्णधार केलं की तो संघासाठी म्हणून उपाशी राहायला लागतो, घरी सांगतसुद्धा नाही. वाढत्या वयातल्या पोराला वजन उतरवायला कधीही लावू नका.

तिसरी, मैदानासाठी माती टाकून देणाऱ्याचा किंवा टी-शर्ट देणाऱ्याचा मुलगा. गावात हा दाब येतोच. त्यावर माझा उपाय साधा आहे: वही आणि दुसऱ्या माणसाचं मत दाखवायचं. लेखी नोंदी समोर ठेवल्या की बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो.

चौथी चूक मी स्वतः केली आहे. "जबाबदारी दिली की सुधारेल" म्हणून एका तापट पोराला कर्णधार केलं. वर्गात मॉनिटर करून पोरं सुधारत असतीलही. मैदानावर मात्र त्याच्या सुधारण्याची किंमत उरलेले अकरा जण देतात. तिसऱ्या सामन्यात तो पंचांवर धावून गेला, पुढच्या आठवड्यापासून सरावाला यायचा बंद झाला. चांगला उजवा कोपरा होता. त्याचं खेळणं माझ्या घाईमुळे सुटलं, ही गोष्ट मला आजही छळते.

टप्पा ३: दोन आठवडे नुसतं बघा

या काळात काही सांगायचं नाही, काही बदलायचं नाही. चारही पोरांच्या नोंदी रोज चार-पाच ओळींत लिहायच्या. या जागांवर नजर ठेवा.

बाद झाल्यावर तो काय करतो? ही सर्वांत मोठी खूण आहे. बहुतेक पोरं पाय पसरून बसतात, ढोपरावरची माती झाडतात, कुणाशी तरी पाणी वाटून पितात. मागच्या वर्षी माझ्याकडे एक बारकं पोरगं होतं. बाद झाला की उकिडवा बसायचा, नजर समोरच्या संघावर, आणि उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत राहायचा. मला वाटलं चाळा आहे. चौथ्या दिवशी विचारलं, "काय मोजायलास रे?" म्हणाला, "सर, त्यायचे किती गडी आत हायेत ते. पाच झाले. आता बोनस नाही, आपला भाऊ उगंच पाय टाकायलाय." कुणी शिकवलं नव्हतं. वहीत त्याच्या नावापुढे मी त्या दिवशी लाल शाईने खूण केली.

चढाई चालू असताना आपल्या रेडरला ओरडून सांगणं नियमात बसत नाही, विरुद्ध संघाला गुण जातो. म्हणून बाहेर बसलेल्याने जे सांगायचं ते दोन चढायांच्या मधल्या क्षणात. कोणत्या पोराला हे भान आहे, ते बघा.

दुसऱ्याची चूक झाली की तो कुठे बघतो? कोपऱ्याने घोटा सोडला आणि गुण गेला. एक पोरगं हात झटकतं, एक तुमच्याकडे बघतं, एक त्या कोपऱ्याचा हात धरून त्याला परत जागेवर उभं करतं. तिसऱ्याचं नाव लिहा.

पंचांचा निर्णय चुकला तर? सरावात दोनदा मुद्दाम चुकीचा निर्णय द्या. गप्प बसणारा आणि भांडणारा, दोघेही अजून कच्चे आहेत. विचारून, उत्तर ऐकून, पुन्हा खेळायला वळणारा हवा.

तुम्ही नसताना काय होतं? एक दिवस वीस मिनिटं उशिरा जा. लांबून बघा. मैदानावर पाणी कोण मारतंय, फक्कीची रेघ कोण ओढतंय, आणि सगळ्यांत कच्च्या पोराला संघात कोण घेतंय. काळ्या रानातल्या मैदानावर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल होतो. ते नीट करून घेणं हे कटकटीचं काम आहे, आणि सांगितल्याशिवाय ते करणारं पोरगं हजारात एक.

तपासणी: दोन आठवड्यांनी वही दुसऱ्या माणसाला वाचायला द्या, नावं झाकून. कोणत्या नोंदी कर्णधाराच्या वाटतात, ते त्याला सांगू द्या. त्याचं आणि तुमचं एकमत होत नसेल तर आणखी एक आठवडा बघा.

टप्पा ४: लहान कामं द्या, मग अवघड पेच द्या

आता दोन किंवा तीनच नावं उरली असतील. पहिल्या आठवड्यात अंग गरम करणं, हजेरी, सामानाची मोजदाद अशी कामं आळीपाळीने द्या. आळीपाळीने म्हणजे यादीत नसलेल्या पोरांनाही, नाहीतर सगळ्यांना कळेल.

दुसऱ्या आठवड्यापासून सरावाच्या सामन्यात एकेकाला संघ चालवू द्या. दुबळा संघ द्या. जिंकणाऱ्या संघाचं नेतृत्व कुणालाही जमतं. आणि तुम्ही तोंड बंद ठेवा. हे फार जड जातं, पण तुम्ही बाहेरून एक शब्द बोललात की पोरगं तुमच्याकडे बघायला लागतं आणि परीक्षा तिथेच संपते.

मग हे दोन पेच टाका.

पेच एक. "दोन मिनिटं उरलीत, दोन गुणांनी पुढे आहोत, तीन गडी आत, चढाई आपली. काय करशील?" कच्चं पोरगं म्हणतं, "गुण आणायचा." थोडं जाणतं पोरगं म्हणतं, "वेळ काढून परत यायचं." तयार पोरगं आधी उलट विचारतं, "सर, आपल्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात का?" कारण तिसऱ्या चढाईचा नियम लागू असेल आणि ही तिसरी असेल, तर रिकामं परतणारा बाद होतो. उत्तरापेक्षा हा प्रश्न मोलाचा.

पेच दोन. "दोनच गडी उरलेत. बाद जाहीर करून सगळे आत आणायचे का?" हिशोब असा: जाहीर केलं तर समोरच्यांना दोन गड्यांचे दोन आणि लोणाचे दोन, असे चार गुण लगेच. खेळत राहून दोघेही बाद झाले तरी चारच. पण खेळत राहिलं तर अव्वल पकडीचे दोन गुण मिळण्याची आशा असते. मग जाहीर कधी करायचं? आपण मागे असू आणि समोरचे वेळ काढत असतील, शेवटची तीन-चार मिनिटं उरली असतील, तेव्हा. चार गुण देऊन वेळ विकत घ्यायचा आणि सात जणांनी पाठलाग करायचा. डावाच्या मध्यावर असं करणं घाबरटपणा आहे.

पोराने बरोबरच उत्तर दिलं पाहिजे असं नाही. त्याने गुण आणि वेळ दोन्ही विचारले का, एवढं बघा. चौदा वर्षांच्या पोराने "किती मिनिटं राहिली?" असं विचारलं तरी पुष्कळ झालं.

इशारा: हे पेच सगळ्यांसमोर घालू नका. चुकलं तर पोरं महिनाभर चिडवतात.

टप्पा ५: पोराशी बोला, मग घरी जा

नाव नक्की झालं तरी अजून जाहीर करायचं नाही. पोराला एकट्याला विचारा, आणि "नाही" म्हणायची वाट खरोखर मोकळी ठेवा. पेरांवर गडी मोजणाऱ्या त्या पोराला मी विचारलं, तेव्हा तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"सर, मला नगं."

"काहून रे?"

"दिवाळी झाली की आमी कारखान्यावर जायलो. माय-बाप तोडीला, म्या बारक्या बहिणीला सांभाळायला. मंग संघाचं काय?"

बीड, धाराशिव, जालना या भागात ही अडचण घरोघरी आहे. दिवाळीच्या आसपास टोळ्या उसाच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. म्हणून अशा पोराचं नाव खोडू नका. त्याच्या घरी जा. गावात आजी असेल, हंगामी वसतिगृहाची सोय असेल, तर आई-वडिलांसमोर ती मांडा, हट्ट मात्र करू नका. उचल घेतलेल्या घराची गणितं आपल्याला बाहेरून कळत नाहीत. तो जाणारच असेल तर दिवाळीपर्यंत तो कर्णधार, पुढे उपकर्णधाराने संघ चालवायचा, असं आधीच ठरवून संघाला सांगता येतं. आम्ही तसंच केलं, आणि पोरांनी ते सहज मान्य केलं.

मुलींच्या संघात घरच्यांशी बोलणं आणखी आधी करा, शक्यतो टप्पा चारच्या अगोदर. सराव सुटल्यावर घरी पोचवणार कोण, बाहेरगावी सामना असेल तर सोबत कोणत्या बाई असतील, हे स्पष्ट सांगा. नाहीतर नाव जाहीर झाल्यावर घरून नकार येतो आणि ती मुलगी खेळही सोडते. मुलींची पारख करताना मोठ्या आवाजाला महत्त्व देऊ नका. पंचांसमोर जाऊन उभं राहणं, हीच त्यांच्यासाठी मोठी पायरी असते. ती सरावात चार-पाच वेळा करून घ्या.

टप्पा ६: जाहीर करण्याचा क्रम

आधी निवडलेल्या पोराला. मग त्याच दिवशी, ज्यांचा विचार झाला पण निवड झाली नाही त्या दोघा-तिघांना, एकेकट्याला. मग संघाला. सगळ्यांत शेवटी शाळेला, मंडळाला, गावाला.

गावच्या कार्यक्रमात, माईकवरून, सगळ्यांसमोर पहिल्यांदा नाव घेणं ही नेहमीची चूक. ज्याला वाटत होतं की आपणच होणार, तो पोरगा तिथे सतरंजीवर बसलेला असतो. टाळ्या वाजवताना त्याचा चेहरा कुणी बघत नाही. पुढच्या सामन्यात तो साखळीतला हात सोडतो, तेव्हा सगळ्यांना आश्चर्य वाटतं.

उपकर्णधार त्याच वेळी जाहीर करा, आणि जोडी जुळवा: कर्णधार रेडर असेल तर उपकर्णधार बचावातला, आणि उलट. दोघे एकाच वेळी बाहेर बसण्याची शक्यता कमी होते. कर्णधार बाद होताना उपकर्णधाराकडे बघून हात वर करेल, एवढी एक खूण ठरवून द्या. "आता तू" हे त्यातून कळतं.

टप्पा ७: पहिले तीन सामने

पहिला सामना सोपा मिळाला तर उत्तम, नाहीतर मित्रत्वाचा एक सामना ठरवा. बाहेरून ओरडू नका. मध्यंतराच्या पाच मिनिटांतली पहिली दोन मिनिटं कर्णधाराला बोलू द्या, मग तुम्ही.

प्रत्येक सामन्यानंतर त्याला तीनच प्रश्न विचारा. आज कोणता निर्णय तू घेतलास? कोणता घ्यायचा राहून गेला? कुणाशी बोलायचं राहिलं? उत्तरं वहीत लिहा. हरल्याच्या दिवशी विचारू नका, दुसऱ्या दिवशी विचारा.

या खुणा दिसल्या तर ओझं जास्त झालंय असं समजा: त्याच्या स्वतःच्या पकडी सुटायला लागतात, तो सरावाला उशिरा यायला लागतो, डबा तसाच परत नेतो, किंवा प्रत्येक चढाईनंतर तुमच्याकडे बघतो. एखादी खूण एखाद्या दिवशी दिसली तर सोडून द्या. दोन आठवडे टिकली तर बोला.

कर्णधारपद काढायची वेळ आली तर स्पर्धेच्या मध्ये कधीही काढू नका, सामन्याच्या मध्ये तर नाहीच. दोन स्पर्धांच्या मधल्या काळात, त्याच्या घरी जाऊन, त्याला सांगा, आणि संघात त्याची जागा पक्की आहे हे त्याच वाक्यात सांगा. त्याला संघासमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं असेल तर तशी संधी द्या.

वही पुढच्या जूनसाठी जपून ठेवा. यंदा ज्याचं नाव यादीत शेवटी राहिलं, त्याच्या नोंदींचं पान दुमडून ठेवा आणि पहिल्या सरावाच्या दिवशी आधी तेच वाचा.